गडचिरोलीचं कॉलेज, तिसरीचा वर्ग

...नाई, परक्यानं केलं असतं ना, त मी एक शबुद बोललो नसतो! पन आपल्याच मानसानं केलं भाऊ, आपल्याच!

तुमाले सांगतो, फेब्रुवारीत कॉलेजचा मेसेज आला, 'नवे सत्र सुरक्षितपणे सुरू होत आहे, प्रत्यक्ष उपस्थित राहावे.' इतक्या मायेनं बलावल्यावर मानूस जाइन का नाई? नाकात काडी घालून घेतली, रिपोर्ट आनला, संमतीपत्रावर बाबाची सही घेतली, अहेरीवरून एसटी पकडली, डबल मास्क लावून गडचिरोलीले दोस्ताच्या खोलीवर रात काढली आन सकाळी गेटवर हजर! त कारकून खिडकीतून म्हन्ते, "काऊन आला गा? ऑनलाइन झालं ना सगळं." गेटवरच्या नव्या नोटिशीचा गोंद बी वाळला नोयता! "मंग मी काय करू?" "घरी जा, सुरक्षित राह्य. आन हजेरी पंच्याहत्तर टक्के पायजे, नाईतर परीक्षेले बसू देनार नाई." घ्या! ज्यानं बलावलं थोच हाकलते... आपलंच कॉलेज ना हे?

वापस आलो त गावाच्या तोंडावर बांबू आडवा. करोनापासून घरटी एकेक दिवस पहारा असते, आन त्या दिवशी पहाऱ्यावर कोन? माहा बाप! म्या म्हनलं सुटलो, आपलाच मानूस!

बाबानं नाकावर दुपट्टा ओढला, काठी पुढं केली. "थांब तिथीच! रात कुठी काढली?"

"बाबा, मी अश्विन!"

"थे दिसून राह्यलं. रात कुठी काढली?"

"गडचिरोलीले..."

"मंग चौदा दिवस शाळेत. बोर्ड वाच."

वाचला. 'बाहेरगावी मुक्काम करणाऱ्यास चौदा दिवस शाळेत ठेवावे. कोणाचाही मुलाहिजा ठेवू नये.' खाली दोन रेघा. आन अक्षर कोनाचं? माह्यं! ग्रामसभेत माह्याच हातानं लिवलं होतं! बाबाचे डोये पान्यानं भरले, पन बांबू काई हालला नाई. म्हन्ते, "गावात पयल्यांदा माह्या पोरानं कायदा लिवला गा... मीच मोडू?"

त मी शाळेत. तिसरीच्या वर्गात. बेंचात गुडघे मावत नाईत. माय काठीले डबा बांधून खिडकीतून भात देते. आन नेटवर्क? थे फक्त तलावाच्या पाळीवर. मले भायेर निंगता येत नाई, हजेरी त पायजे, रडाचीच वेळ आली. त बाबा म्हन्ते, "आन इकडं फोन, मी बसतो." फोनले सॅनिटायझरची आंघोळ घातली आन गेला पाळीवर. सरांनी नाव पुकारलं का हा खर्जात, "हजर साहेब!" सर म्हन्ते, "अश्विन, आवाज का रे बसला? तपासून घे." "हो साहेब!" संध्याकाळी खिडकीशी येऊन मले सांगे, "समजलं काई नाई, पन हाललो नाई जागेवरून."

चौदा दिवस झाले, सुटलो. पाळीवर गेलो, म्हनलं, "बाबा, द्या फोन, आता माह्यं मी पायतो." त हा मानूस कानातली वायर काढाले तयार नाई! म्हन्ते, "तू उद्यापासून बस ना गा. आज थो पेशीचा धडा अर्धा राह्यला हाय."

आपल्याच मानसानं केलं ना भाऊ... पन बाप शिकून राह्यला म्हनून भांडाचं कसं? गेलो घरी, आन त्याच्या वाटचे बैल चारून आनले.