मिटलेलं पातं

— नाही गं नीना, मला कुठलं माहीत तो सही का करत नाही ते? मी शेजारीण, तू बायको. तुमच्या घरातलं मला कसं कळणार? बस ना, उभ्याने काय बोलतेस. स्वराली शाळेत, तुझी सुट्टी, मग घाई कसली — आमचे हे शिफ्टला गेलेत, सहाशिवाय येत नाहीत. तर काय म्हणालीस, सगळा फॉर्म भरलाय, फोटो चिकटवलेत, आणि एका पानावर अडलाय? कुठला गं प्रश्न? वाच परत. ‘तुमच्या चांगल्या वर्तनाबद्दल शंका येईल असं काही केलंय का’ — हो किंवा नाही, टिक करायची. एवढंच? मग करायची ना ‘नाही’वर! पाच वर्षं इथे घासली, महिनाअखेरीला व्हिसा संपतोय, आता ह्या एका चौकोनावाचून कायमचं राहायचं अडलंय म्हणजे काय? मी दहावी शिकलेली बाई, पण तेवढं मलाही कळतं.

नाही, तुझ्या मनात आलंय तसं काही नाही. बाई वगैरे काही नाही. यतीन तसला नाही. मला माहीत असतं — मला माहीत नाही असं ह्या क्लोजमध्ये, आपल्या ह्या गल्लीत, काही होत नाही, हसू नकोस, तूच म्हणतेस तसं सगळ्यांना. सकाळी खिडकीत उभा राहतो? रोज? किती वाजता — साडेसहा. हं. साडेसहाच.

काही नाही, हं म्हटलं.

तुला ते बाणांच्या टोकांचं खोकं आठवतंय? जुलैमध्ये आलं होतं, तुम्ही कोणी घरी नव्हता, पोस्टमन माझ्याकडे देऊन गेला. त्याचा तो ऑफिसातला ग्रॅहम, त्याच्याबरोबर हंगेरीला शिकारीला जायचं होतं ना ऑक्टोबरात — तिकडे परवाना काढला की चालतं म्हणे. इथे धनुष्याने जनावर मारणं गुन्हा आहे, हे त्यानेच मला सांगितलं, ह्याच टेबलाशी बसून. मी आपलं विचारलं, काय रे ह्या खोक्यात, एवढंसं खोकं आणि एवढं जड — मी दाबून बघितलं होतं थोडं, खोटं कशाला बोलू — तर त्याने उघडूनच दाखवलं. पेपर अंथरला आणि दोन प्रकारची टोकं मांडली. एक फिक्स्ड. पाती कायम बाहेर, आपल्या उघड्या विळीसारखी, बोट लावायची सोय नाही. दुसरं मेकॅनिकल. त्याची पाती अंगाशी मिटलेली, बाण जाऊन लागला की मग उघडतात. म्हणाला, काकू, महिनाभर इंटरनेटवर वाचतोय, डोकं फिरलंय, ठरतच नाही. उघड्या पात्याला वारा धरतो, बाण भरकटतो. मिटलेलं सरळ जातं, पण उघडायलाच निम्मी ताकद खातं, आणि माझं धनुष्य हलकं, तिरकं लागलं तर उघडेल न उघडेल. हसत म्हणाला, तुम्हीच सांगा कुठलं?

आता मला काय कळतंय त्यातलं? पण विचारलं ना, मग मी गप्प कशी बसणार. माझी विळी बघितलीयेस तू, कराडहून आणलेली — भाजी चिरून झाली की पहिलं पातं मिटायचं, मग उठायचं. आईने पाठीत धपाटे घालून शिकवलंय. उघडी विळी घरात ठेवू नये, भांडणं होतात, नाहीतर कुणाचा तरी पाय पडतो. मी म्हटलं, अरे घरात चार वर्षांची पोर आहे, तू उघडी पाती काय ठेवतोस? मिटलेलं घे. तो म्हणाला, पण काकू, फिक्स्ड जास्त भरवशाचं आहे. मी म्हटलं, भरवसा गेला खड्ड्यात, मिटलेलं घे. आणि त्याने ऐकलं गं. उघडी खोक्यात घातली आणि मला म्हणाला, बरं, तुमच्या शब्दाबाहेर नाही. त्याची आई नाही ना, म्हणून ऐकतो तो माझं. मला बरं वाटायचं ते.

चहा घेतेस? नको? मी घेते — नको, राहू दे.

तू स्वरालीला घेऊन वेम्बलीला गेली होतीस बघ, मैत्रिणीकडे, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. आदल्या दिवशी मी कुंपणाशी उभी राहून त्याच्याशी भांडले. भांडले म्हणजे चेष्टेत. माझी मेथी बुंध्यापर्यंत खाल्ली होती त्या मंटजॅकने. अगं, हे म्हणजे आपलं भेकरच, तेच ते. आमच्या पाटणच्या बाजूला भरपूर. ते कुत्र्यासारखं ओरडतं, आणि ओरडलं की माणसं म्हणायची, वाघ दिसला त्याला. तर मी म्हटलं, यतीन, एवढा अर्जुन झालायस, रविवारच्या रविवार क्लबात गवताच्या गंजीला बाण मारतोस, तुझ्या धनुष्याचा माझ्या मेथीला काय उपयोग? चेष्टेत म्हटलं गं! तोंडातून गेलं. तोही हसला, म्हणाला, हंगेरीच्या आधी एक तालीम करून बघायलाच हवी.

मला काय माहीत तो खरंच —

सकाळी साडेसहाला मी ह्याच ओट्याशी होते, आमचे हे शिफ्टला गेलेले. तुमच्या मागच्या खोलीची खिडकी उघडी दिसली, म्हटलं एवढ्या लवकर उठला कसा. बाण सुटल्याचा आवाज म्हणशील तर काहीच नाही, गादीवर हात मारावा तेवढा. आणि मग ते ओरडलं. तुमच्या परसात आलेलं भेकर वळलं होतं त्याच वेळी, खांद्यात तिरका शिरला बाण. कुंपणाच्या फटीतून आलं ते सरळ माझ्या शेडखाली जाऊन बसलं. नुसतं ओरडत. थांबायचं, परत ओरडायचं. थांबायचं. मी मोजायला लागले मध्ये किती वेळ जातो. उगाच.

यतीन बाजूच्या गेटने आला, अनवाणी, तोंड पांढरंफटक, हातात फोन. म्हणाला, काकू, ते जिवंत आहे, मी जनावरं वाचवणाऱ्यांना फोन करतो, ते लोक येतील, इंजेक्शन देऊन सोडवतील त्याला. तो नंबर फिरवत होता नीना. त्याने नंबर फिरवायला घेतला होता, हे तू लक्षात ठेव, नवरा वाईट नाही तुझा. तो फोन — तो मी घेतला. हातातून. म्हटलं, वेडा आहेस का, फोन केलास की पहिलं विचारतील बाण कुणाचा, मग पोलीस, मग नोकरी, मग व्हिसा, बायकोपोरीला घेऊन कुठे जाशील? गप बस. मरेलच आत्ता. एवढंसं जनावर, किती वेळ लागणार?

सव्वादोन वाजले.

काय बघतेस अशी? मी काय करायचं होतं? मी तुमच्यासाठीच केलं. त्याला इथे बसवलं, ह्या खुर्चीत, तू बसलीयेस तिथेच, आणि मिक्सर लावला. चटणी वाटली. तीन वेळा वाटली, आवाज झाकायला. पलीकडची मिसेस हॉपकिन्स कुंपणावरून विचारत होती, कुत्रं आजारी आहे का? मी म्हटलं, हो, माझ्या बहिणीचं आहे, लेस्टरहून आणलंय, नव्या जागेला घाबरलंय. ती बिचारी बिस्किटं घेऊन आली गं त्याच्यासाठी. ती घेतली मी. थँक यू म्हटलं. आणि यतीन कानांवर हात ठेवून बसलेला, दर थोड्या वेळाने म्हणायचा, काकू, द्या ना फोन. आठ-दहा वेळा म्हणाला असेल. मग म्हणायचा थांबला.

नंतर त्यानेच शेडखाली सरपटत जाऊन ओढून काढलं. मादी होती. आचळं दुधाने तट्ट. म्हणून तो सकाळी उभा राहतो खिडकीत — पिल्लू येतं का बघायला. ते आलं नाही. मीही बघते. बाण काढला तर टोकाचं एक पातं उघडलेलं आणि एक मिटलेलंच. त्याने ते तळहातावर धरून मला दाखवलं. उघडं पातं असतं तर दहा पावलांत पडली असती, हे त्याला माहीत, आता मलाही माहीत. एक शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. काकू, तुमच्यामुळे, एवढं म्हणाला असता तरी मी भांडले असते, रडले असते. पण नाही. टोक धुतलं, नळ बंद केला, फावडं कुठेय विचारलं.

कुठे म्हणजे? मेथीच्या वाफ्यात. माती भुसभुशीत होती तिथली.

— अगं, असं काय करतेस, बस. हो, परवा तुला दिलेली जुडी त्यातलीच. वर परत पेरली ती चांगली आली होती, टाकवेना. आम्ही नाही खाल्ली. तू म्हणालीस ना तो ताटावरून उठून गेला. मला वाटलं निदान पोरीला मिळेल ताजी भाजी... नाही, चुकलं. ते चुकलंच माझं. पाणी पी.

ऐक नीना, मी हे बोलणार नव्हते. तू विचारलंस म्हणून निघालं. आता असं कर, घरी जा आणि त्याच्याकडून ‘नाही’वर टिक करून घे. कोण बघायला येतंय? एक महिना मातीखाली आहे, मिसेस हॉपकिन्सला बहिणीचं कुत्रं माहीत आहे, संपलं. आपण काय माणूस मारलंय? पण तो ऐकेल का तुझं? काल आला होता इथे, दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, काकू, मी पोलिसांकडे जाऊन सांगणार आहे, मग फॉर्मवर खरं तेच लिहीन. तुम्ही फक्त माझ्याबरोबर या, आणि एवढंच सांगा की मला फोन करायचा होता. बाकी काही बोलू नका. वकिलाने त्याला सांगितलंय म्हणे, त्याने फरक पडेल, जमलं तर राहूसुद्धा देतील.

हो, त्याने फरक पडेल. कळतंय मला. पण मग पुढचा प्रश्न काय येईल? करायचा होता तर केला का नाही? मग मी काय सांगू? सव्वीस वर्षं झाली इथे मला. दिवाळीला अख्ख्या क्लोजला चकल्या वाटते मी. माझ्याकडे चाव्या असतात सगळ्यांच्या.

नाही गं, रडू नकोस, मला नाही बघवत. हात सोड. तुम्ही तरुण आहात, तुमचं कुठेही होईल, पुण्याला आता इथल्याएवढेच पगार आहेत म्हणतात. हात सोड नीना. त्याला काय सांगायचं ते मी सांगते, नीट ऐकून जा. उल्काकाकू त्या शनिवारी घरी नव्हत्या. बहिणीकडे, आशाकडे गेल्या होत्या लेस्टरला, रात्री उशिरा आल्या. त्यांनी काही बघितलं नाही.

जा आता. मला स्वयंपाक आहे.