शंभरावा कान

—नाही नाही, मान डोलवायची नाही काका, आणि बोलायचं तर मुळीच नाही. जबडा हलला की कानाची नळी हलते, नळी हलली की साचा बिघडलाच म्हणून समजा. पाचच मिनिटं. हा गुलाबी लगदा आत घट्ट झाला की सुळकन काढते, त्या मापाचं तुमचं श्रवणयंत्र बनेल, मग बोला हवं तेवढं. तोवर मी बोलते. तसंही तुम्हाला कितीसं ऐकू येतंय म्हणा! म्हणून तर या स्टुलावर मन मोकळं करायला बरं पडतं.

तुमचा कान शंभरावा आहे, माहितीय? म्हणजे माझ्या वहीतला हो. ते कोपऱ्यात झाकून ठेवलंय ना, ते नवं मशीन — कानात उजेड टाकतं नि माप घेतं, लगदा नाही की काही नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंचं भारी लाडकं. मध्यंतरी त्यांनी माझे पंचवीस कान मोजले. तीन साचे नीट बसले नाहीत, म्हणजे बारा टक्के परत. मशीनचे शंभरात सहा. म्हणाल्या, ताई, तुम्ही मशीनच्या दुप्पट चुकता, उद्यापासून बाहेर नावनोंदणीच्या खिडकीवर बसा. एकवीस वर्षं काढलीत मी इथे! आणि खिडकीवर काय करू — 'नाव काय, वय काय', तेही ऐकू न येणाऱ्यांना? आठ दिवसांत घसा बसायचा माझा.

घरी जाऊन रडले. रडले हो, लपवायचं काय त्यात? तर सून म्हणाली, आई, पंचवीस कान म्हणजे काहीच नाही, थांबा, इंटरव्हल काढू. ती बिस्किटांच्या कारखान्यात वजनं तपासते, तिचं रोजचंच काम ते. कॉन्फिडन्स इंटरव्हल. मला म्हणाली, बारा असं छातीठोक सांगायचंच नाही, अमुक ते तमुक असं सांगायचं. म्हटलं, हे तर तुझे सासरे रोजच सांगतात — 'येतो चार ते नऊच्या मध्ये'! मग तिने मांडून दाखवलं. बारा गुणिले अठ्ठ्याऐंशी, भागिले पंचवीस, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट — आले तेरा. आता बारा अधिक-उणे तेरा. म्हणजे उणे एक ते पंचवीस! म्हटलं, अगं, उणे एक टक्का कान परत येतात म्हणजे काय, लोक घरून जास्तीचे कान घेऊन येतात? — अहो हसू नका! खांदे हलले तुमचे, बघितलं मी. ती पण अशीच हसली. म्हणाली, नमुना एवढासा असला की सूत्र असं वेडंवाकडं बोलतं, निदान शंभर तरी हवेत. तेच बाईंना सांगितलं. बाई हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, ठीक आहे, शंभर कान होऊ द्या, वही तुम्हीच ठेवा, मग ठरवू.

त्या अमुक ते तमुकला पंच्याण्णव टक्के खात्री म्हणतात. मला वाटायचं, म्हणजे खरा आकडा या दोन आकड्यांच्या मध्ये असायची शक्यता पंच्याण्णव टक्के. सून म्हणाली, सगळे तिथेच घसरतात. जत्रेत खुंटीवर कडी फेकतात ना, तसं आहे. खुंटी म्हणजे खरा आकडा, ती जागची हलत नाही; हलते ती कडी, म्हणजे आपलं अमुक ते तमुक. कडी एवढी मोठी केलेली असते की शंभरदा फेकली तर पंच्याण्णवदा खुंटीवर बसावी. पण आत्ता फेकली ती बसली का? बसली तरी, नाही तरी, आपल्याला दिसत नाही. भरवसा फेकीच्या रीतीचा, या एका फेकीचा नव्हे. मग म्हटलं, पुरती खात्रीच हवी असेल तर? म्हणाली, मग शून्य ते शंभर सांगा, कोणी खोटं पाडणार नाही आणि कोणी विचारणारही नाही.

तर वहीत नव्याण्णव कान झालेत, परत फक्त चार. छान ना? काल सुनेला सांगितलं तर म्हणाली, 'चारच? फारच छान आलं हो आई,' आणि बघितलं माझ्याकडे. वजनं तपासणारी माणसं कशी बघतात, तसं. मी ताट उचलून उठलेच. कारण काय आहे — आता तुम्हाला म्हणून सांगते — पाच जणांचे फोन आले होते, साचा टोचतो म्हणून. फोन मीच उचलला. काम सुटल्यावर घासायची कानस पिशवीत टाकली आणि दोन-दोन बस बदलून त्यांच्या घरी जाऊन घासून, बसवून आले. वहीत काही नाही लिहिलं. परत आलेच नाहीत ना ते! मीच गेले. — असं स्वतःला सांगायचं, दुसरं काय.

हं, झालं बघा घट्ट. आता हळू... आलं. थांबा, डावा कान असं लिहिते. आणि उजवा... तुमच्या कागदावर हे काय? 'उजवा कान उत्तम.' उत्तम? म्हणजे तुम्ही मघापासून — सगळं? — बरं. ऐकलंत तर ऐकलंत.

अगं बाई. हे बघा. इथे खळगा पडलाय, नळीच्या वळणावरच. मघाशी हसलात ना, तेव्हाचा. तुमची चूक नाही हो, हसवलं मी. मशीन कुणाला हसवत नाही, एवढाच काय तो त्याचा गुण.

नाही, टाकून नाही देत. लिहिते. शंभरावा, परत. झाले पाच. आणि... ते दुसरे पाचही लिहिते. तुम्ही ऐकलंत म्हणून नव्हे. शनिवारी वही बाईंकडे जायची आहे, आणि माझ्या घरी ती तशी बघणारी सून आहे. झाले दहा. दहा गुणिले नव्वद नऊशे, भागिले शंभर नऊ, वर्गमूळ तीन, दुप्पट सहा. चार ते सोळा.

चार ते सोळा. अहो — मशीनचे सहा बसतात की यात! मी मशीनपेक्षा वाईट, असं बाईंना खऱ्या आकड्यांवरूनही म्हणता येत नाही. बरी आहे असं मलाही म्हणता येत नाही, ते सोडा. म्हणजे त्या पाच घरांच्या पायऱ्या मी उगाच...

बसा पुन्हा. तोच कान. जबडा सैल, हसायचं नाही, बोलायचं नाही — आणि या वेळी मीही बोलत नाही.