खोतांच्या दारातली हाक

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजाऱ्याचं बघून देऊ नका! वाडवडिलांचं घर राखलं, असं कधी म्हणायचं? कौलं शाबूत असली म्हणजे? खांबांना पॉलिश केलं म्हणजे? अहो, मागच्या खांबाला टेकलेले काका, तुम्हाला नाही विचारलं. तुमची झोप चालू द्या!

तर कोकणात खाडीकाठी खोतांचं घर. पिढ्यान् पिढ्यांचं! त्या घराची एक रीत होती. दुपारी पानं मांडून झाली की घरचा यजमान दारात यायचा आणि रस्त्याकडे तोंड करून हाक द्यायचा, "कुणी जेवायचं राहिलंय का होऽऽ?" कुणी ओ दिली की त्याला आधी वाढायचं. मग घरचे बसायचे. मूळपुरुषानं घालून दिलेला दंडक! आणि आपण? जेवताना बेल वाजली की टीव्हीचा आवाज बारीक करतो!

पुढे घर आलं भार्गवरावांकडे. माणूस सज्जन हो! एकटा जीव, सगळी माया घरावर. वर्षानुवर्षं खपून त्यांनी घराचं प्रदर्शनच मांडलं. झोपाळ्याला दोरी — बसू नये. समईला पाटी — हात लावू नये. मूळपुरुषाचा जेवायचा पाट काचेच्या पेटीत! चूल अशी सुरेख सारवलेली, की पेटवायची कुणाची छाती? भार्गवराव स्वतः मागच्या पडवीत राहायचे आणि खानावळीचा डबा खायचे. हसताय? तुमच्या शोकेसमधल्या कपातून कधी चहा प्यालाय का?

रविवारी माणसं घर बघायला यायची. भार्गवराव सगळं सांगायचे आणि शेवटी दारात उभं राहून ती हाक देऊन दाखवायचे. लोक टाळ्या वाजवायचे. फोटो काढायचे!

एका रविवारी त्यांनी छाती भरून हाक दिली. टाळ्या पडणार, इतक्यात गर्दीतून आवाज आला —

"मी राहिलेय, दादा!"

बघतात तर शालू! त्यांची धाकटी बहीण, घाटावर दिलेली. वडील गेल्यापासून हिला कुणी बोलावलंच नव्हतं.

"शालू? अगं, कळवायचं नाहीस का?"

"माहेरी यायला कळवावं लागतं होय? बायकांच्या सहलीतून आलेय. मघाशी आईच्या झोपाळ्यावर टेकायला गेले, तर तूच म्हणालास, 'बाई, दोरीपलीकडे थांबा.' मान वर करून बघितलंही नाहीस. आता सांग, सासरी जाऊन काय सांगू? माहेर बघून आले, की माहेरी जाऊन आले?"

भार्गवरावांचा चेहरा खर्रकन उतरला. मंडळी, साऱ्या रस्त्याला जेवायला बोलावणारा माणूस, आणि घरात तांदळाचा दाणा नाही! काय लाज वाटली म्हणून सांगू!

धावले शेजारच्या घरी. तांदूळ आणले, बेसन आणलं. सारवलेली चूल पेटवली. धूर असा कोंडला, की पॉलिश केलेली तुळई काळी! डोळ्यांतून धारा. धुरानंच हो, धुरानंच, ते तसंच सांगायचे! मग पाट काढायला गेले. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. घेतला बत्ता, आणि फोडली की काच!

"अरे दादा, मी जमिनीवर बसून जेवले असते!"

"तू जेवली असतीस गं. माझ्यानं तसं वाढवलं नसतं."

शालू पाटावर बसली. तिनं पिठलंभाताचा पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, "मीठ विसरलास."

आता मघाचा प्रश्न. उत्तर मी नाही सांगत. घरी गेलात की जिला बोलवायचं राहून गेलंय, तिला फोन लावा. "केव्हातरी ये" नको, "उद्या जेवायला ये" म्हणा. आणि हो, आधी डब्यात तांदूळ आहेत का बघा! पेटीवाले, सूर धरा. सगळ्यांनी देवाचं नाव घ्या, आणि आत्ता जिची आठवण झाली ना, तिचंही नाव त्यातच मिसळा. देवाला चालतं!