मागून आलेले हात

यामिनी हातांनी सांधे मोकळे करण्याचं पुढचं शिक्षण घेत होती. तेलीबांधा भागातल्या ज्या दवाखान्यात ती शिकायला येई, तिथंच ती मास्क लावून रुग्णांच्या बाकावर टेकली होती, पांढऱ्या कोटाची घडी मांडीवर ठेवून. शेजारी प्रेमलाबाई आणि त्यांची धाकटी नणंद बोलत होत्या.

"हात वर करून दाखवा बरं, वहिनी."

"हे पाहा. माह्या हातानं वेणी घालून राहिली आता मी."

"मंग काहून उठता? नंबर येऊन राहिला ना!"

"मले नाही जायचं आत."

"अवं, एवढा गुण आला तरी?"

"मागच्या खेपेले पाच-सहा शिकणारे पोट्टे उभे होते गं भोवती. अन् त्यातल्याच एका पोट्टीनं मागून खांद्यावरचा ब्लाऊज खाली ओढला. विचारलं नाही, काही नाही. 'देखिए, जकड़न यहाँ है,' म्हणे. फळ्यावर दाखवावं तसं."

"तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"ब्लाऊजले ठिगळ होतं, बाई. मी डोळेच मिटले."

"कोन होती ती? दाखवा मले, चांगली सुनावते!"

"तोंड कुठं पाहिलं मी तिचं? मागून आली, मागूनच गेली. हात तेवढे गरम होते. पहिले मायेचे वाटले."

यामिनीनं कोटाची घडी आणखी लहान केली.

निघता निघता प्रेमलाबाई तिच्यापाशी थांबल्या.

"तुले पन खांदाच दाखवायचा का, बेटा?"

"...हव, काकू."

"मंग ही शाल घे. पांघरायले आणली होती मी, पन आत जायची हिंमत नाही झाली."