बंडूमामांची टूथपेस्ट

भाजल्यावर काय लावायचं, ते आमच्या आसगावात कोणाला विचारू नका. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आला होता आणि भात पसवताना गरम पेज माझ्या उजव्या हातावर सांडली. शेजारपाजारचे सगळे धावत आले.

बंडूमामा टूथपेस्टची नवी ट्यूब घेऊनच आले. "हे लावा. आमच्या जावयाले एका दिवसात आराम पडला."

काकू म्हणाली, "हळद लावा."

माझी पुतणी प्रीती नर्सिंग शिकते. ती म्हणाली, "नुसतं पाणी. बाकी काही लावाचं नाही."

"पाणी तं म्हशीले बी पाजतो," मामा म्हणाले. "ते औषध कसं होईन?"

प्रीतीनं वाद घातला नाही. माझा हात नळाखाली धरून म्हणाली, "काय लावाचं ते तुमी ठरवा. तवर हात इथंच राहू द्या."

ठरवायला वीस मिनिटं लागली. मामांनी जावयालाही फोन केला. तो म्हणाला, "मी भाजलो नव्हतो, मामाजी. खरचटलं होतं."

तरी शेवटी टूथपेस्टच ठरली. तेव्हा प्रीतीनं घड्याळ पाहून नळ बंद केला. मामा ट्यूब माझ्याकडे देऊन घरी गेले.

हाताला फोडही आला नाही. बंडूमामा अजून गावभर टूथपेस्टचा गुण सांगतात. ट्यूब माझ्याकडेच आहे. तिचं झाकण अजून कोणी उघडलेलं नाही.