साहेबांनी न पाहिलेली शर्यत

तुम्ही साहेबाच्या शिस्तीचं कौतुक चालवलंय, म्हणून सांगतो. इंग्रजांच्या राज्यात मी काशीला विद्यापीठात शिकत होतो. त्या हंगामात मैलाची शर्यत जिंकणाऱ्याला लखनौच्या सामन्यांना पाठवणार होते. त्यासाठी मी तीन महिने रोज मुन्शी घाटाच्या पायऱ्या पळत चढलो होतो.

बक्षीस द्यायला एक बडे गोरे साहेब येणार होते. तासभर वाट पाहूनही ते आले नाहीत, तेव्हा शर्यत उरकून घेतली. मी पहिला आलो. आमचा जोशी पोटात कळ आली म्हणून पहिल्याच फेरीत खाली बसला होता. मी धापा टाकत उभा होतो, तेवढ्यात साहेबांची मोटार आली.

खेळांची व्यवस्था बघणारे मिश्राजी लगबगीनं माझ्याकडे आले. "बेटा, एक बार और दौड़ लो."

"पर मैं तो जीत गया," मी म्हणालो.

"साहब ने कहाँ देखा?"

आम्ही पुन्हा धावलो. विश्रांती घेतलेला जोशी पहिला आला आणि मी शेवटचा. कप त्याला मिळाला, लखनौही त्यालाच.

जाताना साहेब माझ्यापाशी थांबले. त्यांनी मिश्राजींना विचारलं, "हा मुलगा आज पहिल्यांदाच धावला का?"

मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "यस सर."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. "हरलास तरी हरकत नाही. शर्यत पुरी केलीस, हे मोठं."

आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "थँक्यू सर."