पाठकोरा अर्ज

झेरॉक्सच्या रांगेत मेकॅनिक्सचे सर हेल्मेट न काढताच उभे होते. हातात स्वतःच्या नोट्सचा गठ्ठा. मागे त्यांच्याच वर्गातली दोन पोरं बोलत होती.

"कॉलेज सोडायचा अर्ज घेऊन आलायस ना? घरी सांगितलंस?"

"अरे, ऐक तर. काल मला तुळई केलं."

"काय केलं?"

"तुळई. बीम रे. दोन बाकांवर आडवं झोपवलं, पोटावर सॅक ठेवली. ताई म्हणाली, आता सांग, कुठल्या बाकावर जास्त भार येतोय."

"कोण ताई?"

"शेवटच्या वर्षाची. मेकॅनिक्समध्ये दोनदा गटांगळी खाल्लेली."

"आणि ती तुला शिकवणार?"

"म्हणून तर. आपलं घोडं कुठे अडणार ते तिला आधीच ठाऊक असतं. सरांचं कधी अडलंच नसेल, त्यांना काय कळणार? तिनं सॅक छातीवर सरकवली आणि खांद्याखालचं बाक रुतायला लागलं रे. समीकरण पडल्यापडल्याच सुचलं. उठून पाच गणितं सोडवली, पाचही बरोबर."

"मग अर्ज?"

"त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर सोडवली, दुसरा कागद नव्हता. त्या बाजूच्या कॉप्या काढायच्यात, ताईच्या अभ्यासगटातल्या सगळ्यांना."

"सर, किती प्रती काढू?" दुकानदारानं विचारलं.

मागच्या पोरानं अर्ज घाईनं पाठीमागे लपवला.

सरांनी गठ्ठा बगलेत मारला, हेल्मेट काढलं आणि वळले.

"तुमच्या ताईला विचारा, पन्नाशीतली तुळई चालेल का."